चार्जर घेताना सोलापूरचं ऊन हिशेबात धरा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की आमच्या जुळे सोलापुरात हल्ली घरोघर एक उद्योग सुरू होतो. कुणी जुन्या ओम्नीत फळी टाकून बिछान्याची सोय करतो, कुणी ईकोला पडदे शिवून घेतो, कुणी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये छोटा फ्रीज बसवतो. मग तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, नळदुर्ग, फार तर गाणगापूर. मुक्काम गाडीतच. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण आम्ही दोघं नवरा-बायको गेली काही वर्षं असेच फिरतो. पण मागच्या महिन्यात दोन शेजारी आठवड्याच्या अंतरानं माझ्याकडे बॅटरीचे चार्जर घेऊन आले. "काका, हा चालेल का, जरा बघून सांगा." दोन्ही चार्जर त्यांच्या बॅटरीला चालणारे नव्हते. त्यातला एक तर हुबेहूब तसाच, ज्यानं चार वर्षांपूर्वी माझी नवी कोरी बॅटरी खाल्ली. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

माझी ओळख एवढीच की मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं तंत्रज्ञ होतो. १ ऑक्टोबर २००० ला खात्याची कंपनी झाली, पण आमच्या तोंडी शेवटपर्यंत 'खातं'च राहिलं. त्यातली बरीच वर्षं बॅटरी रूम माझ्याकडे होती. एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालतं. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल स्टँडवर ओळीनं मांडलेले असायचे. सकाळी गेल्या गेल्या हायड्रोमीटर घेऊन पायलट सेलची, म्हणजे नमुन्याला ठरवलेल्या सेलची, ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता) पाहायची, व्होल्टेज आणि तापमान पाहायचं आणि तिन्ही आकडे वहीत लिहायचे. बाहेरून येणाऱ्या विजेची रेक्टिफायर डीसी करायचा, त्यावरच एक्स्चेंज चालायचं, आणि बॅटरी त्याच तारांवर 'फ्लोट'वर, म्हणजे भरलेली राहण्यापुरत्याच व्होल्टेजवर, पडून असायची. दर सेलला २.१५ व्होल्ट, चोवीस सेलचे मिळून ५१.६. लाईट गेली की त्याच क्षणी बॅटरी भार उचलायची, फोनवर बोलणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

कॅम्परला, म्हणजे अशा मुक्कामाच्या गाडीला, हवं असतं ते नेमकं हेच. मुक्कामी वीज मिळाली की त्या विजेवर फ्रीज, पंखा, दिवे चालावेत, सोबत बॅटरी भरावी, आणि वीज गेली तर काही बंद पडू नये. तरीही दुकानात गेलेला माणूस एकच प्रश्न विचारतो, "किती अँपिअरचा आहे?" चार्जर अँपिअरवर निवडायचाच नसतो. आधी बॅटरी कोणत्या जातीची ते बघायचं, मग गाडीत काय काय चालणार ते, आणि आपल्या गावी तापमान किती असतं ते. अँपिअर त्यानंतर.

आमच्या गाडीत फ्रीज चैनीसाठी नाही. माझी पत्नी अकरा वर्षांपासून इन्सुलिन घेते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उघडलेलं साधारण महिनाभर बाहेर चालतं, पण तेही ३० अंशांच्या आत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकलेला असताना उभ्या गाडीत ३० अंश आणायचे कुठून? म्हणून २०२२ साली ४० लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज घेतला आणि त्यासाठी १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) सीलबंद एजीएम बॅटरी; ही शिशाचीच, पण आतलं ॲसिड काचतंतूंच्या गादीत जिरवलेली. चार्जर शहरातल्याच एका दुकानातून आणला. गॅरेजमध्ये असतो तसा, निळ्या पत्र्याचा, 'स्लो' आणि 'फास्ट' असं बटण असलेला. "ऑटोमॅटिक आहे काका, रात्रभर लावून ठेवा, काही होत नाही," असं सांगितलं. मी मीटर लावून न बघता विश्वास ठेवला. आयुष्यभर मीटर वापरलेल्या माणसानं हे करायला नको होतं.

मे महिन्यातला शनिवार. दुसऱ्या दिवशी पहाटे नळदुर्गला निघायचं म्हणून मी रात्री दहाला अंगणात गाडीला चार्जर लावला आणि बटण 'फास्ट'वर ठेवलं. सकाळी साडेपाचला नात दूध आणायला बाहेर पडली आणि तशीच परत आली. "आजोबा, गाडीतून सडक्या अंड्यांचा वास येतोय." दार उघडलं तर तो वास नाकात गेला आणि डोळे चुरचुरले. बॅटरीच्या दोन्ही बाजू बाहेर आल्या होत्या, तव्यावर भाकरी फुगते तशा. हात जवळ नेला तरी धग लागत होती. चार्जरचा प्लग आधी भिंतीतून काढला, सगळी दारं उघडली, नातीला घरात पाठवलं. अर्ध्या तासानं चार्जर एका जुन्या बॅटरीला लावून मीटर धरला तर आकडा १५.२ वर गेला आणि तिथंच राहिला. तो खाली येतच नव्हता. बॅटरी भरली की हात आखडता घ्यायची त्यात सोयच नव्हती.

आता याचं कारण सांगतो, कारण ते सोलापूरकरांनी समजून घेण्यासारखं आहे. १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीत सहा सेल असतात. चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. आधी पूर्ण करंट देतो. व्होल्टेज साधारण १४.४ ला पोहोचलं की ते तिथं धरून करंट हळूहळू कमी होऊ देतो. बॅटरी भरली की साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टच्या फ्लोटवर उतरतो. पण हे १४.४ आणि १३.६ चे आकडे २५ अंशांचे असतात. तापमान एका अंशानं वाढलं की दर सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. सहा सेलचे धरा अंशाला सरासरी २४ मिलिव्होल्ट. आमच्या अंगणातल्या पत्र्याच्या गाडीत बॅटरीचं तापमान ४३ धरलं तर फरक झाला १८ अंशांचा, म्हणजे जवळजवळ ०.४३ व्होल्ट. जिथं १४.४ द्यायचे तिथं १४ च द्यायला हवेत. आणि माझ्या बॅटरीला रात्रभर १५.२ मिळत होते! जास्त व्होल्टेजनं बॅटरी तापते, तापली की आणखी करंट ओढते, त्यानं आणखी तापते. सीलबंद बॅटरीत तयार होणारा वायू आतच जिरवायचा असतो. तो आवाक्याबाहेर गेला की व्हॉल्व्ह उघडतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचा तो सडका वास येतो. हा वायू विषारी आहे. रात्री आम्ही त्या गाडीत झोपलेलो असतो तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून चार्जर घेताना पहिला प्रश्न हा विचारा: तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलतं का? चांगल्या चार्जरसोबत बॅटरीच्या टर्मिनलला लावायची सेन्सरची बारीक वायर येते. ती नसेल तर निदान उन्हाळ्यासाठी व्होल्टेज हातानं कमी करता यायला हवं. एक्स्चेंजमध्ये हायड्रोमीटरचं रीडिंगसुद्धा आम्ही २७ अंशांना आणून मगच वहीत लिहायचो, अंशाला ०.०००७ धरून. एवढी काळजी एअरकंडिशन इमारतीतल्या बॅटरीची घ्यायचो. पत्र्याच्या गाडीतल्या बॅटरीची त्याहून जास्त घ्यायला हवी. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

दुसरा घोळ मी लगेच पुढच्या आठवड्यात केला. नवी बॅटरी यायला वेळ होता, गाडीतल्या पंख्याची आणि दिव्यांची जोडणी तपासायची होती. म्हटलं, तोच चार्जर 'स्लो'वर ठेवून सरळ तारांना जोडू, मीटर १३ च्या आसपास दाखवतोय. दिवे लागले, पण थरथरत होते. पंखा दहा मिनिटं फिरला, मग जळका वास आला आणि बंद पडला. खोलून पाहिला तर आतल्या सर्किटमधला कपॅसिटर फुटलेला.

इथं चार्जर आणि पॉवर सप्लाय यांतला फरक कळतो. त्या जुन्या पद्धतीच्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि डायोड एवढंच असतं. बाहेर येते ती सपाट डीसी नसते, सेकंदाला शंभर वेळा वर-खाली उड्या मारणारी असते. मीटर सरासरी दाखवतो म्हणून १३ दिसतात, पण प्रत्येक उडीचं टोक २० च्या आसपास जातं. बॅटरी जोडलेली असेल तर ती या उड्या गिळते. बॅटरी काढली की त्या सरळ पंख्याच्या नाजूक सर्किटवर आदळतात. एक्स्चेंजमध्ये रेक्टिफायरपुढे मोठे चोक आणि कपॅसिटर लावलेले असत, कारण ते नसते तर प्रत्येक फोनमध्ये घूं असा आवाज आला असता. आम्ही त्याला 'हम' म्हणायचो. मला हे चांगलं ठाऊक होतं, आणि तरी घाई केली.

पॉवर सप्लाय याच्या उलट. तो ठरलेलं व्होल्टेज, समजा १३.८, अगदी सपाट देतो. त्यावर दिवे-पंखा सुखानं चालतात, शिशाच्या बॅटरीची फ्लोटवर देखभालही होते. पण रिकामी बॅटरी त्यावर पूर्ण भरायला फार वेळ लागतो, आणि साधा सप्लाय जास्त करंट ओढला गेला की बंद-चालू व्हायला लागतो. कॅम्परसाठी दोन्ही कामं करणारं यंत्र हवं. बाजारात ते मिळतं, पण मागून घ्यावं लागतं. "बॅटरी नसताना यावर लोड चालेल का?" असं थेट विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

यातच एक बारीक गोष्ट आहे, जी कुणी सांगत नाही. बॅटरी भरत आली की ती फार थोडा करंट घेते, एक-दोन अँपिअर. तो कमी झालेला पाहून चार्जर ओळखतो की झालं भरून, आता फ्लोट. पण त्याच तारांवर फ्रीज चार अँपिअर ओढत असेल तर चार्जरला वाटतं, बॅटरी अजून उपाशीच आहे. तो १४.४ सोडत नाही. घरी झाकून ठेवलेल्या कारच्या बॅटरीला उत्तम चालणारा चार्जर कॅम्परमध्ये बॅटरी तापवतो तो असा. वरच्या टप्प्याला वेळेची मर्यादा असलेला किंवा 'सप्लाय मोड' असलेला चार्जर घेतला की हा त्रास राहत नाही. माझ्याकडे आलेल्या शेजाऱ्यांपैकी दुसऱ्यांचा चार्जर नामांकित होता, महाग होता, पण त्यात हे नव्हतं. शिवाय बॅटरी लिथियमची आणि चार्जरमध्ये 'रिपेअर'चा टप्पा, ज्यात तो १५.५ च्या वरचे झटके देतो. शिशाच्या पाण्याच्या बॅटरीत पट्ट्यांवर साचलेला सल्फेट उतरवायला ते ठीक. लिथियम बॅटरीला ते झटके लागले की आतली संरक्षक पाटी, जिला बीएमएस म्हणतात, ती बॅटरीची जोडणीच तोडून टाकते आणि गाडीतले दिवे-पंखे एकटे त्या चार्जरच्या तोंडी सापडतात.

त्यानंतर मी वही काढली, खात्यातल्या सवयीनं. फ्रीजच्या तारेत मीटर बसवून मेमधले तीन दिवस मोजले. गाडी कडुनिंबाखाली उभी असताना चोवीस तासांत ४१ एएच. थंडीत हाच फ्रीज २२ वर येतो, ते नंतर मोजलं. पंखा १८ वॅटचा, म्हणजे दीड अँपिअर, नऊ तासांचे साडेतेरा. दोन दिवे मिळून १० वॅट, चार तास, सव्वातीन. मोबाईल आणि पाण्याचा छोटा पंप धरून आणखी चार. बेरीज ६२ च्या जवळ. शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर जाते, त्यामुळे ६२ साठी १२५ एएच तरी हवी, आणि वजन ३५ किलोच्या पुढे. पाण्याची बॅटरी घ्यावी तर ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की ठिणगी पुरते. खात्याच्या बॅटरी रूमला एक्झॉस्ट फॅन होता आणि दारावर बिडी-काडीची सक्त मनाई होती. जिथं आपण झोपतो तिथं मी ती बॅटरी ठेवणार नाही.

म्हणून १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. ती चार सेलची असते, १२.८ व्होल्ट, आणि ८० एएच निश्चिंत वापरता येतात. वजन बारा किलोच्या आसपास. तिला साधारण १४.२ ते १४.६ पर्यंत भरायचं, फ्लोटची गरज नसते. सप्लाय म्हणून ठेवायचं तर १३.५ पुरे. शिशासारखं तापमानाप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय तिला नको, उलट ती बंदच ठेवायची. पण ऊन तिलाही सोडत नाही. चार्जिंगच्या वेळी सेल किती तापलेले चालतील तो आकडा बॅटरीच्या कागदावर असतो, बहुतेकांवर ४५ ते ५५ अंश. दुपारी तीनला उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून जास्त सहज होतं. मग बीएमएस चार्जिंग थांबवते आणि आपण चार्जरला दोष देतो. मी बॅटरी सीटखाली, जमिनीलगत ठेवली आणि भोवती हवा फिरायला चार बोटं जागा सोडली. चार्जरचंही तसंच. त्याच्यावर लिहिलेले २० अँपिअर ४० अंशांपर्यंतचे असतात, पुढे तो स्वतःच कमी देतो. बिछान्याखालच्या बंद पेटीत चार्जर ठेवू नका.

चार्जर २० अँपिअरचा घेतला. १४.४ नं गुणले तर २८८ वॅट, चार्जरमधला तोटा धरून भिंतीतून सव्वातीनशे वॅट. २३० व्होल्टवर तो दीड-दोन अँपिअरच घेतो. म्हणजे कोणत्याही भक्तनिवासातलं साधं ६ अँपिअरचं सॉकेट त्याला पुरतं. दिवसाचे ६२ एएच तीन-साडेतीन तासांत परत भरतात. खेडेगावात संध्याकाळी लाईट मंद असते, १७०-१८० वर येते. त्यामुळे चार्जरवर इनपुट '२३०' एवढंच लिहिलेलं नको, '१०० ते २४०' किंवा त्याहून रुंद पट्टा हवा.

बरेच लोक याऐवजी घरचा इन्व्हर्टरच गाडीत ठेवतात. दोन मोबाईल चार्ज करायला तो चोवीस तास चालू ठेवला तर काही न चालवताही तो १०-१५ वॅट खातो, दिवसाला २०-३० एएच. मिक्सर लावला तर १२ व्होल्टच्या तारांतून ७०-८० अँपिअर वाहतात. आम्ही इन्व्हर्टर ठेवलेलाच नाही. शेंगाचटणी घरून कुटून नेतो, सोबत कडक भाकरी. पाच दिवस काही होत नाही.

गाडी चालताना बॅटरी भरायची तर गाडीच्या बॅटरीपासून सरळ वायर ओढू नका. मधे डीसी ते डीसी चार्जर लागतो. नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) किती व्होल्ट देणार ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, कधी १४.५, कधी साडेबारा. मागच्या बॅटरीचं पोट त्यावर भरत नाही. आणि वायर! माझ्या गाडीत पुढून मागे चार मीटर, जाऊन-येऊन आठ. पहिल्या मेकॅनिकनं घरात वापरतात ती अडीच एमएमची घातली होती. २० अँपिअरला त्या वायरीतच १.१ व्होल्ट गळतात, शिवाय ती तापते. १६ एमएमची घातली, गळती ०.१७ वर आली. दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज वायर वाचवायला असतो, म्हणून तो वायरीच्या मधोमध नाही, बॅटरीपाशीच लागतो.

गाडीत असे कायमचे बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. मी बिछाना आणि पेटी दोन्ही उचलून ठेवता येतील अशाच केल्या आहेत.

शेवटचा मुद्दा जिवाशी गाठ असलेला आहे. गेल्या वर्षी चैत्री वारीला आम्ही पंढरपुरात नदीपलीकडे मुक्काम केला. शेजारच्या तंबूवाल्याकडून लाईन घेतली, चार्जर लावला. पत्नी चंद्रभागेवरून स्नान करून आली, पाय ओले, पायात काही नाही. गाडीच्या दाराला हात लावला आणि झटकन मागे झाली. "हाताला मुंग्या आल्या." मी मीटर लावला, गाडीचा पत्रा आणि जमीन यांच्यात १०८ व्होल्ट. चार्जर बिघडलेला नव्हता. आजकालच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात, त्यांच्यातून अगदी किरकोळ करंट अर्थिंगच्या पिनकडे जातो. त्या सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. त्या किरकोळ करंटला जायला वाट नाही, म्हणून तो माझ्या गाडीच्या पत्र्यावर येऊन बसला. त्यानं माणूस मरत नाही. पण त्याच ठिकाणी आतली वायर सोलली गेली असती तर पूर्ण २३० पत्र्यावर आले असते, आणि ओल्या पायांनी उभी असलेली बाई ते सहन करू शकली नसती. मी लगेच प्लग काढला. त्या रात्री फ्रीज बॅटरीवरच चालला.

तेव्हापासून प्लगपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळू लागला की वीज झटकन तोडणारा स्विच, बसवला आहे. आणि सॉकेट तपासल्याशिवाय मी प्लग लावत नाही. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरायचा. फेज-न्यूट्रलमध्ये लागतो तेवढाच लख्ख लागला तर अर्थिंग खरं. मिणमिणला किंवा लागलाच नाही तर ते सॉकेट आपलं नव्हे.

संपादक महोदय, राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात गाड्या उभ्या करायला जागा, पाणी, वीज यांचा विचार आहे. आपल्या जिल्ह्यात तर पंढरपूर आणि अक्कलकोट आहेत, लागून तुळजापूर. मोठ्या कॅराव्हॅन येतील तेव्हा येतील, पण आज छोट्या गाड्यांतून येणारी कुटुंबं वाहनतळावर जिथं मिळेल तिथून वायर ओढताहेत. देवस्थानांनी आणि नगरपालिकांनी वाहनतळाच्या कडेला दहा-बारा सॉकेटं द्यावीत, वापराचे पैसे घ्यावेत. १६ अँपिअरचा आग्रह नाही, ६ चं पुरतं. पण अर्थिंग खरं असावं, आरसीसीबी असावा, आणि वारीच्या आधी वायरमननं ते एकदा तपासून तारीख टाकून चिठ्ठी लावावी. आपल्या वृत्तपत्रानं हा विषय लावून धरावा.

आणि शहरातल्या बॅटरी-दुकानदारांना हात जोडून सांगणं आहे. गिऱ्हाईक म्हातारं असो की तरुण, बॅटरी कोणती ते विचारल्याशिवाय चार्जर देऊ नका. किती व्होल्टपर्यंत जातो, मग कितीवर उतरतो, हे दोन आकडे बिलावर लिहा. दुकानात एक बॅटरी आणि दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर ठेवून गिऱ्हाइकासमोर दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.

येत्या गुरुवारी आम्ही अक्कलकोटला निघतो आहोत. फ्रीज कालपासून चालू केला आहे, आत ५ अंश दाखवतोय. टेस्ट लॅम्प डॅशबोर्डमध्ये ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ,
जुळे सोलापूर